खतमी घरी वाढवताना: बेळगावचा पाऊस, अथणीचं ऊन आणि जमिनीखालचं मूळ

खतमी हे मुळासाठी लावायचं औषधी झाड. ते नुसतं पानांकडे बघून सांभाळायला गेलं की हातचं जातं. माझी पहिली दोन झाडं अशीच गेली. पानं मलूल दिसली म्हणून पाणी घातलं, आणखी मलूल झाली म्हणून आणखी घातलं, आणि श्रावणात उपटून बघितलं तर मुळाच्या जागी आंबूस वासाचा तपकिरी लगदा. त्यानंतर मी हे झाड खालून वर बघायला शिकले. आधी मूळ, मग माती, मग ओल, आणि पानं सगळ्यात शेवटी. या झाडाचा गुण मुळात आहे, आणि आपल्याकडच्या हवेत त्याला धोकाही मुळाशीच आहे.

आमचं घर बेळगावात, शहापूर भागात. माहेर खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला, आणि नणंद दिली आहे अथणीला. एकाच जिल्ह्यातली ही तीन घरं, पण पाऊस तिन्हीकडे तीन तऱ्हांचा. बेळगाव शहरात वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पडतो, माहेरी त्याहून कितीतरी जास्त, आणि अथणीत शहराच्या निम्म्याच्या आसपास. माहेरची माती तांबडी, जांभ्या दगडाची. अथणीची काळी. तिन्ही घरांत खतमी लावून झाली आहे, म्हणून जिथं फरक पडतो तिथं तिन्ही ठिकाणचं सांगते. निपाणी-चिकोडीकडच्यांनी स्वतःला बेळगाव आणि अथणीच्या मध्ये कुठंतरी धरावं.

हातातलं झाड खरंच खतमी आहे का?

“काय लावूलैस ग हे? भेंडी काय?” सासूबाईंनी पहिल्यांदा विचारलं होतं, आणि त्या फार चुकल्या नव्हत्या. खतमी भेंडीच्याच कुळातली. जास्वंद, कापूस, चिकणा, पेटारी आणि शेजारच्या कन्नड काकू ज्याचा पुंडी पल्ल्या करतात ती अंबाडी, ही सगळी एकाच घरातली भावंडं. भेंडी चिरल्यावर हाताला जी बुळबुळ लागते, तीच खतमीच्या मुळात भरलेली असते. घसा आणि पोटाच्या आतल्या अस्तरावर तिचा पातळ थर बसतो, म्हणून कोरड्या खोकल्यात आराम वाटतो.

इंग्रजी नाव मार्शमॅलो, शास्त्रीय नाव अल्थिया ऑफिसिनॅलिस. मूळची युरोप, पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या ओलसर, थोड्या खाऱ्या दलदलीची. युनानी वैद्यकातून ती आपल्याकडे खतमी म्हणून ओळखीची झाली. जोशांद्यात, म्हणजे युनानी काढ्यात, खतमी आणि तिच्याच कुळातली खुब्बाजी ही जोडी असते, त्यातली खतमी हीच. मुळाला रेशा खतमी म्हणतात, बियांना तुख्मे खतमी.

इथं एक मोठी गोम आहे. काष्ठौषधीच्या दुकानात खतमी किंवा गुलखैरा म्हणून जे बी मिळतं, ते बऱ्याचदा होलीहॉकचं, म्हणजे याच कुळातल्या मोठ्या फुलांच्या बागेतल्या झाडाचं असतं. होलीहॉक विषारी नाही, त्याचीही फुलं औषधात घेतात, पण आपण दोन वर्षं एका मुळाची वाट बघायची आणि शेवटी भलतंच निघायचं, हे मनाला लागतं. म्हणून बी घेताना पाकिटावर शास्त्रीय नाव छापलेलं आहे ना ते बघा, आणि झाड वाढलं की स्वतः पडताळून घ्या.

पडताळणी अवघड नाही. खतमीचं पान दोन्ही बाजूंनी मखमली असतं, राखाडी झाक असलेलं हिरवं, गालाला लावलं तर मऊ लागतं. होलीहॉकचं पान मोठं, गोलसर आणि हाताला खरखरीत. होलीहॉकचं फूल तळहाताएवढं होतं आणि उंच दांड्यावर एकावर एक लागतं. खतमीचं फूल तीन-चार सेंटिमीटरचं, फिकट गुलाबी किंवा पांढुरकं, पानांच्या बेचक्यात झुबक्यानं येतं. फुलाच्या मधल्या परागकोशांचा रंग बघा. खतमीत तो जांभळट असतो, होलीहॉकमध्ये पिवळा. आणखी एक खूण फुलाखाली आहे. हिरव्या पाकळ्यांच्या बाहेर बारीक टोकदार पट्ट्यांचं दुसरं कडं असतं. खतमीत त्या पट्ट्या सहा ते नऊ असतात, खुब्बाजीत तीनच. फूल येईपर्यंत खात्री झाली नसेल तर मूळ खायच्या भानगडीत पडू नका.

जागा आणि भांडं

खतमीचं मूळ गाजरासारखं सरळ खाली जातं आणि मग त्याला बोटाएवढ्या जाड फांद्या फुटतात. झाड वर चार-पाच फूट होतं. नर्सरीतल्या दहा इंची कुंडीत ते जगेल, पण मूळ तळाशी गोल गोल फिरेल आणि काढायला गेलात तर हातात गुंता येईल. मातीची खोली किमान दीड फूट हवी.

आमच्याकडे मी २०० लिटरचा निळा ड्रम आडवा मधोमध कापून घेतला. दोन भांडी होतात, प्रत्येकाला जवळजवळ दीड फूट खोली. ड्रम आधी कशासाठी वापरला होता ते विचारूनच घ्या. रसायनाचा असेल तर नको, आपल्याला यातलं मूळ पोटात घ्यायचं आहे. एका अर्ध्या ड्रमात एकच झाड. मला दोन लावायचा मोह झाला होता, आणि दोन्ही झाडं बारीकच राहिली. जमिनीत लावत असाल तर दोन झाडांत दीड ते दोन फूट अंतर ठेवा.

ड्रमच्या तळाला पेन्सिलीएवढी आठ-दहा भोकं पाडा, आणि तळापासून दोन इंचांवर बाजूलाही चार. पावसाळ्यात तळाची भोकं मातीनं बुजली तर ही बाजूची भोकं झाड वाचवतात. तळाशी विटांचे तुकडे किंवा खडीचा थर घालायची आपल्याकडे सवय आहे. तो घालू नका. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोकळ्या खडीत सहज उतरत नाही, उलट थराच्या वरच अडून राहतं, म्हणजे ओलीचा पट्टा मुळाच्या आणखी जवळ येतो. प्रत्येक भोकावर एक खापरीचा तुकडा पालथा ठेवला की पुरे.

ऊन सकाळचं पूर्ण हवं. होळीपासून मृगापर्यंत मात्र दुपारी दोननंतर सावली मिळेल अशी जागा बघा. घराच्या पूर्वेची भिंत उत्तम. अथणीत नणंदेनं शेवग्याखाली लावली आहे. त्या विरळ सावलीत झाड उन्हाळा काढतं.

न्हाणीघराच्या सांडपाण्यावर आपण अळू आणि केळ लावतो, तिथंच ही दलदलीतली बाई लावावी असं अनेकांना वाटतं. मलाही वाटलं होतं. पण साबण आणि डिटर्जंटच्या पाण्यात वाढलेलं मूळ मी घरच्या लेकराला देणार नाही. खतमीला हौदाचं किंवा नळाचं स्वच्छ पाणीच द्या.

माती

खतमीला ओल धरणारी आणि तरीही पाणी पुढं सोडणारी माती लागते. या दोन गोष्टी एकत्र मिळणं आपल्याकडे अवघड, कारण जांभ्याची तांबडी माती पाणी धरत नाही आणि अथणीची काळी माती सोडत नाही.

अर्ध्या ड्रमसाठी माझं माप असं: चार घमेली तांबडी माती, दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत, एक घमेलं काळी माती किंवा तळ्यातला वाळलेला गाळ, आणि एक घमेलं जाड वाळू. काळ्या मातीच्या गावांत हेच उलटं करायचं: तीन घमेली काळी माती, दोन शेणखत, दोन वाळू, आणि मिळालं तर एक घमेलं भाताचा तूस. कोकोपीट विकत आणायची गरज मला कधी पडली नाही.

शेणखताबद्दल थोडं जास्त सांगते, कारण माझं तिसरं झाड त्यानं घालवलं. अर्धवट कुजलेल्या खतात हुमणीची अंडी-अळ्या येतात. ऊस लावणाऱ्यांना हुमणी सांगायला नको. पांढरी, इंग्रजी ‘सी’च्या आकारात वळलेली, तपकिरी डोक्याची अळी. ती वर दिसत नाही, खाली मूळ कुरतडत बसते. खत चाळणीनं चाळा. चाळताना उग्र वास आला, हाताला ऊब लागली किंवा काडीकचरा ओळखू आला, तर ते अजून तयार नाही. अजून दोन-तीन महिने थांबा. चांगलं कुजलेलं खत हातात चुरगळलं की पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येतो.

बी: गणपतीला फ्रीजमध्ये, दसऱ्याला बाहेर

या बियांचं कवच टणक असतं, आणि थंडी लागली की त्यांना चांगली जाग येते, कारण मूळच्या मुलखात ती हिवाळाभर गार ओल्या मातीत पडून असतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, हवा गोड आहे, पण तेवढी थंडी आपल्याकडे नाही. म्हणून फ्रीज.

गणपती बसले की बी काढा. दोन पॉलिश पेपरमध्ये धरून हलक्या हातानं चार-पाच वेळा घासा. कवचाची चकाकी गेली की थांबा, आतला दाणा दिसता कामा नये. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. मग मुठीत दाबल्यावर पाणी गळणार नाही इतपत ओल्या वाळूत मिसळून छोट्या डबीत भरा, झाकणाला दोन भोकं पाडा, आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका. आठवड्यातून एकदा उघडून बघा, वाळू सुकली असेल तर थोडं पाणी शिंपडा. चतुर्थीपासून दसऱ्यापर्यंत पाच आठवडे होतात, तेवढे पुरतात. घरात कुणी डबी फेकून देऊ नये म्हणून वर नाव लिहा.

दसरा ते दिवाळी हा पेरणीचा काळ. पाऊस ओसरलेला असतो, रात्री गार होऊ लागतात, आणि रोपाला पुढं चार-पाच महिन्यांची सौम्य हवा मिळते. याउलट मृगात पेरलं तर कोवळं रोप पावसात सडतं, आणि फेब्रुवारीत पेरलं तर उन्हाच्या तोंडी सापडतं.

पसरट ट्रेमध्ये पेरू नका. मूळ पहिल्या पंधरवड्यातच खाली धावतं आणि ट्रेच्या तळाला आपटतं. वर्तमानपत्राच्या वीतभर उंच नळ्या करून, दोऱ्यानं बांधून, त्यात माती भरा आणि प्रत्येक नळीत दोन बिया अर्धा सेंटिमीटर खोल टाका. नळ्या खोक्यात उभ्या लावून ठेवा. उगवण एकदम होत नाही. काही बिया दहा दिवसांत डोकावतात, काही महिना घेतात. पहिल्या खेपेला मी पंधरा दिवसांनी नळ्या ओतून टाकल्या होत्या, आणि आठवड्यानं त्याच ढिगातून तीन रोपं उगवली.

चार खरी पानं आली की नळीसकट लावायचं. कागद मातीत कुजतो. नळी सोडवत बसलात तर मुळाला धक्का बसतो, आणि या झाडाला तो फार लागतो. संध्याकाळी लावा, रोपाचा गळा, म्हणजे खोड आणि मूळ जुळतात ती जागा, मातीच्या पातळीवरच ठेवा, गाडू नका.

पाणी, पण कुठल्या महिन्यात किती

माझ्या दोन झाडांचा जीव जिथं गेला ती जागा ही, म्हणून इथं सावकाश सांगते.

दलदलीतलं झाड म्हटलं की पाण्यात उभं करावं असं वाटतं. पण तिकडच्या दलदलीत पाणी गार असतं आणि मुलूख थंड असतो. आपल्याकडे ऑगस्टच्या उबदार, साचलेल्या पाण्यात मुळाला हवा मिळत नाही आणि बुरशी लागते. ओल कायम हवी, पाणी साचलेलं नको. ओल बघायला वीतभर लांब बांबूची काडी ड्रमच्या कडेनं मातीत खुपसा, पाच मिनिटांनी काढा. काडीच्या खालच्या अर्ध्या भागाला ओलसर माती चिकटली असेल तर पाणी देऊ नका, वरची माती कितीही कोरडी दिसो.

मलूल पानं बघून घाबरण्याआधी वेळ बघा. भर दुपारी पानं लोंबली आणि संध्याकाळी आपोआप उभी राहिली, तर झाड ठणठणीत आहे. सकाळी सातला पानं लोंबलेली असतील तर काडी घाला. माती कोरडी असेल तर तहान आहे, पाणी द्या. माती ओली असूनही सकाळीच पानं लोंबली असतील तर मूळ सडायला लागलं आहे. पाणी ताबडतोब बंद करा, ड्रम विटांवर चढवा, बाजूची भोकं काडीनं मोकळी करा, झाडाचा वरचा निम्मा भाग कापून टाका. लवकर लक्षात आलं तर बऱ्याचदा वाचतं.

कार्तिकापासून माघापर्यंत बेळगावात तीन-चार दिवसांआड पाणी पुरतं. फाल्गुन लागला की काम वाढतं. उन्हाळ्यासाठी मी खानापूरचं मडकं वापरते. खानापूरची कुंभारकला आपल्या भागाला नवी नाही. तिथल्या तांबड्या मातीची साधी, रंग न लावलेली दोन लिटरची मडकी मिळतात. असं एक मडकं झाडापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत मातीत पुरा, पाणी भरा, तोंडावर पणती ठेवा. मडक्यातून पाणी झिरपत राहतं आणि मूळ त्या ओलीकडे वळतं. माती ओली असली की झिरपणं आपोआप मंदावतं, त्यामुळे जास्त पाणी व्हायची भीती नाही. एप्रिलमध्ये बेळगावात मडकं तीन दिवसांनी भरावं लागतं, अथणीत रोज. रंगवलेलं किंवा झिलई दिलेलं मडकं कामाचं नाही, त्यातून थेंबही बाहेर येत नाही.

मडक्याच्या जोडीला आच्छादन. उसाचं पाचट आपल्याकडे मुबलक, नाहीतर भाताचं पिंजर. चार बोटं जाडीचा थर द्या, पण झाडाच्या बुंध्यापासून दोन बोटं जागा मोकळी सोडा. चैत्र-वैशाखात ड्रमखाली पसरट थाळी ठेवून त्यात इंचभर पाणी ठेवलं तरी चालतं. त्या दोन महिन्यांत झाड ते पिऊन टाकतं. थाळी दर चार दिवसांनी ओतून, घासून पुन्हा भरा, नाहीतर डेंग्यूचे डास तयार होतील. आणि रोहिणी निघालं की थाळी उचलून आत ठेवा, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा.

अथणीत बोअरचं पाणी थोडं खारट आहे. त्यानं नणंदेच्या गुलाबाच्या पानांच्या कडा जळाल्या, खतमीला मात्र काही झालं नाही. हिची जातच खाऱ्या दलदलीतली, थोडा खार ती सोसते.

आपला पावसाळा

मृग ते हस्त हे चार महिने खतमीची खरी परीक्षा. मृगाच्या आधी पाचट-पिंजर सगळं काढून टाका, नाहीतर खाली गोगलगाई घर करतात आणि रात्रीत पानांची जाळी होते. मडकं रिकामं करून पालथं घाला. ड्रम तीन विटांवर चढवा. पागोळीखाली ठेवू नका. पागोळीचं पाणी माती खणतं आणि गळा उघडा पाडतं. छपराच्या आत, पण वारा आणि उजेड येईल अशी जागा मिळाली तर फार बरं.

जमिनीत लावलं असेल तर गावागणिक पद्धत वेगळी. माहेरी दादानं वीतभर उंच वाफा करून त्यावर लावली, चारी बाजूंनी चर काढला, तरी आषाढात तो रोज चर मोकळा करत होता. अथणीत उलट, सभोवतालच्या जमिनीपेक्षा चार बोटं खोल आळं करून लावली, म्हणजे पडेल तो पाऊस मुळाशी येतो. बेळगावच्या वाचकांनी सपाट जमिनीवर लावून पहिला पावसाळा नीट बघावा. पाऊस थांबून तासाभरानंतरही बुंध्याशी पाणी दिसलं तर पुढच्या वर्षी वाफा करा.

पावसात फांद्या भिजून जड होतात आणि आडव्या पडतात. बांबूला सैल आठच्या आकारात बांधा.

रोग-किडी

तांबेरा या झाडाचा जुना वैरी. पानाच्या वर पिवळे ठिपके आणि खाली नारिंगी-तपकिरी बारीक फोड दिसले की तोच. होलीहॉक आणि खुब्बाजीवरही तो असतो, म्हणून ही झाडं शेजारी शेजारी लावू नका. पडलेल्या पानांवर तो टिकून राहतो. खालची पानं दिसताक्षणी तोडून कचऱ्यात टाका, खताच्या खड्ड्यात नको. पाणी बुंध्याशी द्या, पानांवर शिंपडू नका. मी याच्यावर औषध मारलेलं नाही. दोन वर्षं पानं तोडूनच आटोक्यात ठेवला आहे.

मावा आणि पिठ्या ढेकूण थंडी सरताना येतात. मुंग्यांची रांग खोडावर दिसली की वर कुठंतरी पिठ्या आहेच असं समजा. सुरुवातीला पाण्याचा जोराचा फवारा पुरतो. जास्त झाला तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब, संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूनं. कडक उन्हात पानाखाली बारीक जाळं आणि पानावर फिके ठिपके दिसले तर लाल कोळी आहे. त्याला कोरडी हवा आवडते, थंड पाण्यानं पानं खालून दोन-तीन सकाळी धुतली की कमी होतो. पानांना पाणी लावायचं नाही या नियमाला किडींसाठीचं हे फवारणं-धुणं एवढाच अपवाद.

फळं धरली की कापसावरचे लाल ढेकणे येतात. साबणाच्या पाण्याचं भांडं खाली धरून फांदी झटका. हुमणीची शंका असेल तर मेटारायझियमची, म्हणजे हुमणीला मारणाऱ्या बुरशीची, पावडर कृषी सेवा केंद्रात मिळते. ती शेणखतात मिसळून पावसाच्या सुरुवातीला मातीत घालतात.

खत जास्त देऊ नका. दसऱ्याला दोन ओंजळी शेणखत आणि होळीला एक ओंजळ गांडूळ खत, एवढंच. युरिया दिला की पानं हातभर होतात, मावा येतो आणि मूळ बारीकच राहतं.

थंडीत विश्रांती

थंड मुलखात हिवाळ्यात खतमी जमिनीपर्यंत वाळते आणि वसंतात पुन्हा फुटते. आपल्याकडे ती स्वतःहून पूर्ण झोपत नाही, अर्धवट पानं घेऊन रेंगाळते. म्हणून मी मार्गशीर्षात फांद्या जमिनीपासून वीतभर ठेवून कापते आणि पाणी निम्म्यावर आणते. महिन्याभरात बुंध्याशी नवे कोंब दिसतात. पहिल्या वर्षी फूल आलं नाही तर निराश होऊ नका. माझ्याकडे दुसऱ्या वर्षी आलं, आणि तेही थोडंच.

मूळ काढणं आणि वाळवणं

दुसरी किंवा तिसरी थंडी ही काढणीची वेळ. पानं सुकत आली की झाडाचा साठा मुळात उतरलेला असतो आणि बुळबुळ सगळ्यात जास्त असते. दोन दिवस आधी पाणी द्या म्हणजे माती सुटेल. ड्रम आडवा करून माती बाहेर काढा. जमिनीत असेल तर झाडापासून हातभर लांबून खणायला सुरुवात करा. मधलं मूळ आणि त्याला लागून असलेले दोन-तीन जाड फाटे झाडाला ठेवा, बाकीचे फाटे धारदार सुरीनं कापून घ्या. कापलेल्या जागी राख लावा आणि झाड त्याच दिवशी नव्या मातीत परत लावा.

मुळं झटपट धुवा, पाण्यात भिजत ठेवलीत तर बुळबुळ पाण्यात जाते. बाहेरची पिवळट-तपकिरी साल खरवडून काढा, आतलं मूळ पांढरंशुभ्र आणि दोरेदार असतं. अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे करून सुती कापडावर सावलीत पसरा. पौषातली कोरडी हवा यासाठी सोन्यासारखी. बेळगावात मला आठ-दहा दिवस लागतात. तुकडा वाकला तर ओला आहे, कट्‌कन मोडला तर झाला. काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. हे मूळ हवेतला दमटपणा ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात बरणी वारंवार उघडू नका. काळसर डाग किंवा कुबट वास आला तर सगळं टाकून द्या.

घरी वापरताना

मूळ उकळायचं नाही. त्यात बुळबुळीबरोबर स्टार्चही असतो. उकळलं की स्टार्च शिजून खळीसारखा होतो आणि हवी ती गोष्ट त्यात हरवते. २ ते ३ ग्रॅम तुकडे, म्हणजे एक छोटा चमचा, कपभर साध्या पाण्यात अर्धा तास भिजत ठेवा, मधून ढवळा, गाळा, आणि हवं तर नंतर कोमट करा. घट्टसर, किंचित गोड पाणी होतं. केलं की लगेच प्यावं, ठेवून देऊ नये.

कोरड्या, ठसका लागणाऱ्या खोकल्याला हे चालतं. ताप असेल, धाप लागत असेल, कफात रक्त दिसत असेल किंवा खोकला आठवडाभर टिकला असेल, तर डॉक्टरांकडे जा. ही बुळबुळ दुसऱ्या औषधाचं शोषण लांबवू शकते, म्हणून बीपी-शुगरच्या किंवा कुठल्याही गोळीच्या आधी आणि नंतर निदान एक तास सोडा. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, आणि लहान मुलांना देण्याआधीही, विचारावं.

भाचीनं विचारलं होतं, दुकानातल्या पांढऱ्या मऊ मार्शमॅलोत हे असतं का. पूर्वी असायचं. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात या मुळाचा रस साखर आणि अंड्याच्या पांढऱ्याबरोबर फेटून ती मिठाई करत. नंतर मुळाची जागा जिलेटिननं घेतली. आता त्यात या झाडाचं नाव तेवढं उरलं आहे.

पुढची रोपं

झाड बाहेर काढलेलं असतानाच बुंध्याचे दोन भाग करता येतात. प्रत्येक भागाला किमान दोन कोंब आणि एक जाड फाटा हवा. सुरी आधी गरम पाण्यानं धुवून घ्या. दुसरा भाग लगेच लावता येत नसेल तर ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, पण दोन दिवसांच्या वर नको. माझ्या नणंदेचं झाड तिच्याकडे असंच पोचलं, गोणपाटात गुंडाळून, बेळगावहून अथणीच्या बसनं.

बी धरायचं असेल तर दोन-तीन फुलांचे झुबके राखा. चपटी, चकतीसारखी फळं तपकिरी होऊन फुटायच्या बेताला आली की तोडा, कागदी पाकिटात भरा आणि वर वर्ष लिहा. पुढच्या गणपतीला ते पाकीट पुन्हा लागेल.